मऊ सीडै

त्रिविक्रमरावांच्या घरचा श्रीकृष्ण गेली सहा वर्षं मऊ खात होता.

कुंभकोणम् गावात गोकुळाष्टमीला घरोघर सीडै तळतात. तांदळाच्या पिठाच्या सुपारीएवढ्या गोळ्या, काही तिखटमिठाच्या, काही गुळाच्या, आणि सगळ्या अशा कडक की एकानं दाताखाली फोडली तर शेजारच्या घरात कळावं. बाळकृष्णाला हेच आवडतं, यावर सगळ्या गावाचं एकमत. पण त्रिविक्रमरावांच्या घरात देवाच्या आवडीआधी त्रिविक्रमरावांची सोय बघायची पद्धत होती. त्यांच्या डाव्या बाजूच्या खालच्या तीन दाढा पडल्या, त्याच वर्षी त्यांना अचानक साक्षात्कार झाला की कडक पदार्थ म्हणजे तामसी अन्न. देवाला सात्त्विक हवं, आणि सात्त्विक म्हणजे मऊ. तेव्हापासून त्यांच्या पत्नी गोमतीबाई सीडै तळायच्या आणि गरम दुधात बुडवून ठेवायच्या. तासाभरात तिचा पार लगदा व्हायचा. तो लगदा चांदीच्या वाटीत घालून बाळकृष्णापुढे ठेवायचा. देव बिचारा काय बोलणार? त्याच्या तोंडासमोर लोणी धरलेला हात कायमचाच आहे.

आता कुणी म्हणेल, नवऱ्याला मऊ करावं आणि आपल्यापुरती चार कडक ठेवावी. तसं नव्हतं ना! घराचे दोन नियम होते. देवाला दाखवलं नाही ते कुणी खायचं नाही, हा पहिला. नैवेद्यातला पहिला घास यजमानानं घ्यायचा, त्याखेरीज तो प्रसाद होत नाही, हा दुसरा. दोन्ही नियम बापजाद्यांपासूनचे, एकेकटे बघितले तर देवाधर्माचेच. एकत्र केले की अर्थ एवढाच निघायचा की त्रिविक्रमरावांना जे चावत नाही ते त्या घरात शिजत नाही. बाजारचं आणावं म्हटलं तर बाजारचं ओवळं. झालं! भाताचा गुरगुट्या, भाज्यांचा गरगट, पापड आमटीत भिजवून, आणि जेवणानंतर कुंभकोणम् चं कोवळं पानसुद्धा लोखंडी खलात कुटून. कुटायच्या अर्थात गोमतीबाई.

आणि गोमतीबाईंना दात होते. चांगले होते, सगळेच्या सगळे होते. साठीला आलेल्या बाईच्या तोंडात इतके दात बघून नातेवाइकांच्या बायका हळूच विचारायच्या, कुठलं दंतमंजन वापरता? गोमतीबाई हसून सोडून द्यायच्या. वापरलेच नाहीत तर झिजणार कुठून, हे उत्तर त्यांच्या जिभेवर यायचं आणि दातांमागेच थांबायचं.

त्यांचं माहेर चोळपुरम्. तिथं त्यांची आई गोकुळाष्टमीला ओसरीवर पीठ चाळायला बसायची, एकदा चाळलेलं पुन्हा चाळायची, कारण पिठात खडा किंवा गुठळी राहिली की सीडै कढईत फटाक्यासारखी फुटते आणि तेल अंगावर येतं. पारणं झालं की पोरी परकराच्या ओच्यात मूठभर सीडै घेऊन माडीच्या जिन्यात बसायच्या. तो पहिला कडाका, मग खोबऱ्याची आणि हिंगाची चव, मग जबडा दुखेपर्यंत चावणं. आयुष्यात गोमतीबाईंनी फार मागितलं नव्हतं. मुलगा-सून तिरुचीला सुखात होती, पेन्शन येत होती, घर स्वतःचं होतं. त्यांना फक्त आणखी एकदा, दात आहेत तोवर, आईच्या हातासारखी कडक सीडै करून आपल्या दातांनी फोडून खायची होती. हसायला येतं ना? त्यांनाही यायचं. म्हणून त्या हे कुणाला सांगत नसत.

एकदा त्यांनी जेवताना विषय काढला होता. त्या वाढत होत्या, त्रिविक्रमराव जेवत होते.

"अहो, यंदा थोडी तरी कडक करू का? देवापुरती?"

त्रिविक्रमरावांनी एक बोट वर केलं, घास गिळला, पाणी वरून तोंडात ओतलं आणि मग म्हणाले, "तोंडात घास असताना बोलायचं नाही आणि बोलवायचंही नाही. किती वेळा सांगायचं गे तुला?"

हा त्यांचा तिसरा नियम. विषय तिथंच मिटला.

तर अशा या त्रिविक्रमरावांना दंतवैद्याकडे नेलं ते बायकोच्या इच्छेनं नव्हे, दुखण्यानं तर नव्हेच. नेलं अप्पारावांनी. अप्पाराव म्हणजे त्यांच्या बरोबरीचे, गोविंदपुरम् ला विठ्ठलाच्या देवळात शनिवारी भजनाला शेजारी बसणारे. या अप्पारावांनी सगळे दात काढून वरखाली अख्खी कवळी बसवून घेतली आणि पुढच्या शनिवारी भजन सुटल्यावर देवळाच्या पायरीवर बसून खिशातून मुरुक्कू काढला. मुरुक्कू म्हणजे आपली चकली, फक्त जास्त हट्टी. तो त्यांनी त्रिविक्रमरावांच्या कानाशी कडाकड खाल्ला. वर विचारलं, "घेता का एक? नको, राहू दे, तुम्हाला जमायचं नाही."

त्या रात्री त्रिविक्रमरावांना झोप आली नाही. सकाळी कॉफी पिता पिता त्यांनी जाहीर केलं, "अप्पारावाच्या तोंडात सगळं खोटं. माझे तीनच गेलेत. तीन बसवले की झालं."

गोमतीबाईंच्या हातातला कॉफीचा डबरा तिथंच थांबला. तीन दात! म्हणजे चावता येईल, म्हणजे सीडै! श्रावण लागायला अजून अवकाश होता. त्यांनी मनातल्या मनात पिठाला तांदूळसुद्धा भिजत घातले.

डॉक्टर सुंदरी या तरुण बाई मद्रासला शिकून आलेल्या. त्यांचा दवाखाना भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर. खाली दिवसभर पितळेवर हातोडी चाललेली, त्यामुळे वर खुर्चीत बसलेल्या माणसाला आवाज आपल्या तोंडातून येतोय की खालच्या घागरीतून, हे समजत नसे. बाई डॉक्टर आहे हे कळल्यावर त्रिविक्रमराव जिन्यातूनच परतायला निघाले होते. पण गावातला दुसरा माणूस बसस्टँडजवळ दात नुसते उपटायचा, बसवायचा नाही. तेव्हा नाइलाजानं त्यांनी आपलं तोंड एका पोरीपुढे उघडलं. गोमतीबाई भिंतीकडेच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसल्या.

डॉक्टरणीनं आरसा आत घालून बघितलं, दोन्ही बाजूंनी चावायला लावलं, पुन्हा बघितलं.

"रायर," ती तमिळमध्ये म्हणाली. तंजावरकडच्या या मराठी घरांना तिथली माणसं रायरच म्हणतात. "दात बसवता येतील. पण आधी तुमचे आहेत ते दात थोडे घासावे लागतील."

"कुठले दात?"

"वरची ही दाढ. खालच्या दाढा गेल्या की वरची दाढ मोकळी जागा बघून हळूहळू खाली उतरते. तुमची उतरली आहे. आता खाली नवे दात बसवले तर त्यांना उंची कुठून देऊ? पहिल्यांदा हीच आपटणार. म्हणून हिचं टोक थोडं कमी करायचं. आणि बाजूच्या दातावर एक बारीक खाच, तारेचा आकडा टेकायला. नखभरसुद्धा नाही. दुखणार नाही."

त्रिविक्रमराव खुर्चीत ताठ बसले. ते पब्लिक वर्क्समधून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. कावेरीच्या कालव्यांवर त्यांनी आयुष्यभर पाण्याची दारं बसवली होती आणि आयुष्यभर ती गळत होती, पण तो भाग वेगळा.

"हे बघ पोरी," ते म्हणाले, "मी दारं बसवलेला माणूस आहे. दार चौकटीला बेतून घासतात, दाराला बेतून चौकट कुणी घासत नाही. खोट्या दातांसाठी माझे अस्सल दात झिजवायचे, हे कुठलं शास्त्र?"

"चौकट खचली असेल तर तीही घासावीच लागते ना, रायर?"

"माझं काही खचलेलं नाही."

"दाढ खाली आली आहे, आरशात दाखवते."

"ती माझी दाढ आहे, तिला यायचं तिथं ती येईल. तू खोटे दात बारीक कर. पाहुण्यानं यजमानाच्या सोयीनं बसायचं असतं."

डॉक्टरणीनं समजावलं. इतके पातळ दात टिकत नाहीत, तोंड बंद होणार नाही, उजवीकडचे दात एकमेकांना भेटायचे नाहीत, सगळं सांगितलं. त्रिविक्रमराव ऐकताना छताकडे बघत होते, ऑफिसात हाताखालच्या माणसानं अडचण सांगितली की बघायचे तसे. शेवटी ती कंटाळली. "बरं, करून देते. वापरून बघा. पण दाढ घासायला तुम्ही परत येणार आहात." त्यावर ते असे हसले, की ती पोरगी त्यांना ओळखत नाही, हे गोमतीबाईंना बाकावरूनही समजलं. कळत नव्हतं त्या डॉक्टरणीला. असल्या माणसाशी संसार केला असता तर कळलं असतं.

माप घेऊन झालं, प्लास्टरचा साचा निघाला, आणि दात आले. गुलाबी पट्टीवर तीन पांढरे दात, कडेला तारेचे आकडे. डॉक्टरणीनं ते बसवले, मधे निळा कागद धरला आणि म्हणाली, चावा. मग कागद काढून आरसा दाखवला. अख्ख्या तोंडात निळा ठिपका एकाच जागी उमटला होता, त्या उतरलेल्या दाढेच्या टोकावर. बाकी सगळे दात कोरडे.

"बघा, सगळा भार इथं. इथंच घासायचं."

"सवय होईल," त्रिविक्रमराव म्हणाले. म्हणताना त्यांचं तोंड पुरतं मिटत नव्हतं. ओठांमधून जरासा अंधार दिसत होता, आणि माणूस सारखा काहीतरी बोलण्याच्या बेतात असल्यासारखा वाटत होता. अर्थात त्यात नवीन काही नव्हतं.

पुढचा महिना त्रिविक्रमरावांनी ते दात गावभर मिरवले. महामहम् तळ्याकडे फिरायला दात लावून, पोस्टात दात लावून, शनिवारी गोविंदपुरम् च्या बसमध्ये दात लावून. अप्पारावांना मुद्दाम तोंड उघडून दाखवलं आणि ऐकवलं, "यात तीन सोडले तर बाकी सगळे आमचेच हं!" अप्पारावांनी विचारलं, "चावतं का पण?" त्यावर त्रिविक्रमरावांना एकाएकी बस दिसली.

घरात मात्र वेगळाच प्रकार सुरू झाला. पानावर बसायची वेळ झाली, की त्रिविक्रमराव अंगणात जायचे, पाठ फिरवून तोंडात बोटं घालायचे आणि दात काढून तुळशीकट्ट्यावरच्या पितळी डबीत ठेवायचे. मग जेवायला यायचे.

पहिल्या दिवशी गोमतीबाईंना वाटलं, विसरले. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं.

"अहो, जेवायच्या वेळीच दात काढता?"

"जेवण सोवळ्यात असतं," त्रिविक्रमराव म्हणाले. "ती वस्तू प्लास्टिकची. कुणाकुणाचे हात लागलेले, कुठल्या कारखान्यात झालेली. ती तोंडात ठेवून प्रसाद कसा घ्यायचा?"

बाई गं! गोमतीबाई भाताचं भांडं घेऊन जागच्या जागी उभ्या राहिल्या. जगात लोक दात लावतात खायला आणि काढतात झोपायला. यांच्या घरी दात होते रस्त्यावर फिरायला आणि काढायचे ते खायला. सोवळं तर असं की त्याच्यापुढे बोलायची सोय नाही. शिवाय दिवसभर तोंड अर्धवट उघडं राहून आता जबडाही दुखायला लागल्यामुळे भात आणखी मऊ मागायला सुरुवात झाली होती. पूर्वी गुरगुट्या चालायचा, आता पेज. सीडै जवळ यायची ती आणखी लांब गेली. आणि याच सुमाराला एका सकाळी चूळ भरताना गोमतीबाईंची जीभ खालच्या एका दाढेला लागली, आणि दाढ हलली.

अगदी जरा. पण हलली. त्यांनी जीभ पुन्हा लावली, मग दिवसभर पुन्हा पुन्हा लावत राहिल्या. त्यांना इतकी भीती वाटली की त्यांनी त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा घातलं. दात जाण्याची भीती नव्हती ती. दात असून न वापरता जातील, याची होती.

दुपारी त्रिविक्रमराव जरा आडवे झाले, तशा गोमतीबाई एकट्या भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर गेल्या. लग्न झाल्यापासून त्या देवळाखेरीज कुठं एकट्या गेल्या नव्हत्या. जिना चढताना धाप लागली ती वयाची की भीतीची, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

डॉक्टरणीनं त्यांना खुर्चीत बसवून सगळं तोंड नीट बघितलं आणि आरसा खाली ठेवला.

"मामी, या वयात असे दात मी इथं बघितले नाहीत. कीड नाही, झीज नाही."

"हलतोय ना पण एक."

"हिरड्या खचायला लागल्या आहेत. साफ करून देते, म्हणजे वेग कमी होईल. पण आणखी काही वर्षांनी कडक खाणं जपूनच. आज अडचण नाही. आज तुम्ही ऊससुद्धा सोलून खाल." मग तिनं सहज विचारलं, "रायर कसे आहेत? चावताहेत का नीट?"

"जेवताना ते दात काढून ठेवतात. सोवळ्यात चालत नाहीत म्हणे."

डॉक्टरण एवढी हसली की खालची हातोडीसुद्धा क्षणभर थांबल्यासारखी वाटली. "सोवळं कसलं, मामी! त्या दातांनी त्यांना केळंसुद्धा चावता यायचं नाही. थांबा, दाखवते."

तिनं फळीवरून प्लास्टरचे दोन पांढरे जबडे आणले आणि गोमतीबाईंच्या हातात दिले. वरचा आणि खालचा. त्रिविक्रमरावांचं तोंड! गोमतीबाईंनी ते ओळखलं, पुढच्या दोन दातांमधल्या फटीवरून. इतक्या वर्षांत या तोंडातून निघालेला प्रत्येक हुकूम त्यांनी झेलला होता, आणि आज ते त्यांच्या तळहातावर गप्प बसलं होतं. त्यांनी ते हळूच मिटवलं. ते मिटलं. उघडलं, तसं उघडलं. पुन्हा मिटवलं. काय सांगावं, बाईंना असं समाधान बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं.

"ही बघा ती दाढ," डॉक्टरणीनं बोट ठेवलं. बाकीचे दात एका रेषेत होते, ती एकटी त्यांच्या पुढे खाली आली होती. "तिचा दोष नाही तसा. समोर दात असला की दोघं एकमेकांना आपापल्या जागी ठेवतात. समोर कुणी नसलं की अशी उतरत राहते. कुणी अडवत नाही ना! मग एक दिवस सगळं तोंड तिच्या सोयीनं चालतं."

गोमतीबाईंनी त्या दाढेवर आपलंही बोट ठेवून बघितलं.

"मग आता उपाय?"

"घासायची. आणि समोर कुणीतरी ठाम बसवायचं. एवढंच."

"दुखतं का फार?"

"त्यांना? छे! फक्त आवाज होतो थोडा."

घरी येताना त्यांनी मंडईतून नवा तांदूळ घेतला, नारळ घेतला, आणि हिंगाची पुडी घेतली.

गोकुळाष्टमीला त्रिविक्रमरावांचा कडक उपास असायचा. त्यात ते पटाईत होते. सबंध दिवस काही न खाता येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला ते ऐकवत राहणं त्यांना जमायचं. त्या दिवशी स्वयंपाकघरातून तेलाचा वास आला, तसे ते दाराशी येऊन उभे राहिले. गोमतीबाईंनी पीठ पुन्हा चाळलेलं होतं. ओल्या पंच्यावर गोळ्या पसरून सुकवल्या होत्या, प्रत्येकीला सुईनं टोचलं होतं. कढईतून त्या सोनेरी होऊन निघत होत्या आणि परातीत पडताना गारांसारख्या वाजत होत्या. एकही फुटली नव्हती.

"दूध कुठं तापत ठेवलंय?" त्रिविक्रमरावांनी विचारलं.

"यंदा दूध नाही."

"म्हणजे?"

"कडकच दाखवायची. कृष्णाला दात आहेत."

त्रिविक्रमरावांना वाटलं, आपण उपाशी आहोत म्हणून चुकीचं ऐकू येतंय. "अगं पण उद्या पारण्याला मी पहिला घास कसा घेणार?"

"दात लावून."

"सोवळ्यात?"

"त्याची व्यवस्था केलीय." गोमतीबाईंनी झारा खाली ठेवला आणि कोनाड्यातली वाटी दाखवली. "पंचगव्य आणलंय देवळातून. गोमूत्र, शेण, दूध, दही, तूप, सगळं आहे. दात त्यात बुडवून ठेवते, सकाळी धुऊन देते. माणूस शुद्ध होतो त्यानं, दातांचं काय घेऊन बसलात!"

त्रिविक्रमरावांनी वाटीकडे बघितलं. मग तुळशीकट्ट्यावरच्या डबीकडे बघितलं.  सोवळ्याची भिंत त्यांनी मोठ्या हिकमतीनं उभी केली होती, आणि बाईनं तिलाच दार पाडलं होतं.

"नको, नको," ते म्हणाले. "म्हणजे, हे असं आपल्या मनानं नाही चालत. गोविंदपुरम् ला विचारायला हवं कुणाला तरी. शास्त्राचा आधार पाहिजे."

"मग विचारा. मी तोवर तळते."

संध्याकाळी उंबऱ्यापासून देवघरापर्यंत कृष्णाची पिठाची पावलं उमटली. बाळकृष्णापुढे सहा वर्षांत पहिल्यांदाच परात भरून कडक सीडै ठेवली गेली. त्रिविक्रमरावांनी पूजा केली ती एका दमात, आणि रागावून लवकर झोपले. गोमतीबाईंनी देवाकडे बघितलं. देव नेहमीसारखाच हसत होता, पण त्यांना ते हसणं या वेळी आपल्या बाजूचं वाटलं.

सकाळी पारण्याची दोन पानं मांडली गेली. हेही त्या घरात नवीनच. गोमतीबाई नेहमी मागाहून, त्रिविक्रमरावांच्याच पानावर जेवायच्या. आज त्यांनी आपलं पान नवऱ्याच्या समोर मांडलं, अगदी समोर, आणि पाटावर बसल्या. त्रिविक्रमरावांच्या पानावर मऊ भात होता, दूध होतं, केळं होतं. बाई काही दुष्ट नव्हत्या. आणि कडेला पाच सीडै होत्या.

"पहिला घास घ्या," त्या म्हणाल्या.

त्रिविक्रमरावांनी सीडै उचलली. तोंडात टाकली. दात डबीतच होते. त्यांनी ती या गालातून त्या गालात फिरवली, जिभेनं दाबून बघितली, डोळे मिटून थांबले. सीडै होती तशी होती. शेवटी त्यांनी ती तळहातावर काढली आणि पानाच्या कडेला ठेवली, नजर वर न करता. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. लहान पोराला खेळात घेतलं नाही, की जसं होतं तसं काहीतरी होतं. क्षणभर गोमतीबाईंना वाटलं, उठावं आणि दूध तापवावं. हात पाटाला टेकलासुद्धा.

मग जीभ त्या हलणाऱ्या दाढेला लागली, आणि त्या बसून राहिल्या.

"पहिला घास झाला," त्या म्हणाल्या. "तोंडात गेला, तेवढं पुरे. प्रसाद झाला."

त्यांनी आपल्या पानावरची सीडै उचलली, चांगली बाजू बघून दाताखाली ठेवली, आणि चावली.

कडाका असा झाला की अंगणातला कावळा उडाला. त्रिविक्रमराव दचकले. "काय मोडलं गे? दात मोडला का?"

गोमतीबाई चावत होत्या. आधी मीठ, मग खोबरं, मग हिंग. चोळपुरम् च्या जिन्यातला तो वास थेट डोळ्यांत आला आणि डोळे भरले. त्यांनी दुसरी घेतली. पुन्हा कडाका.

त्रिविक्रमराव समोर बसून ऐकत होते. मऊ भातात त्यांचं बोट नुसतंच फिरत होतं. तिसरी सीडै फुटली तसे ते खाकरले, अंगणातल्या डबीकडे एकदा बघितलं, आणि कुठल्याही खास गोष्टीबद्दल नसल्यासारखं विचारलं, "ती पोरगी दवाखाना किती वाजता उघडते?"

गोमतीबाईंना ते माहीत होतं. पण त्यांच्या तोंडात घास होता, आणि तोंडात घास असताना बोलायचं नाही, हा त्या घरचा नियम होता. त्या सावकाश चावत राहिल्या. त्रिविक्रमराव वाट बघत बसले.